पुढची जागा पाहुण्यांची

मी पडदा आहे, मित्रांनो. खिडकीचा नव्हे, मोरीचा तर मुळीच नव्हे. मी सिनेमाचा पडदा आहे, अस्सल मांजरपाटाचा. जुन्या वस्तूंना बोलायला सांगितलं की त्या रडगाणं गातात, हे मला ठाऊक आहे. मोडकी छत्री रडते, गंजलेली सायकल रडते. मी रडणार नाही. माझ्या अंगावर हळदीचे डाग आहेत, पाठीला ठिगळं आहेत, एक कोपरा उंदरानं कुरतडलाय. तरी चार दोऱ्या ताणून बांधल्या की मी अजून ताठ उभा राहतो. आणि माझ्याच अंगणात जे घडलं त्यामुळे कांजूरमार्गच्या एका बैठ्या चाळीत एक बाई आज एका पोटमाळ्यावर सुखानं झोपते. हे काही लोकांना आवडलेलं नाही. त्यांना आवडावं म्हणून मी ते सांगतही नाही.

माझा जन्म गिरणीत झाला. गुणाजी तेव्हा तिथे साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होता. मालवणकडचा गडी, आवाज असा की साच्यांच्या खडखडाटातही चार ओळी पलीकडच्या माणसाला ऐकू जावा. गिरणीच्या दुकानातून त्यानं मांजरपाट आणलं आणि चाळीत आणून टाकलं. ते शिवलं दोघींनी. एक गुणाजीची बायको विमला, दुसरी विहाराशेजारची सोनूबाई. सोनूबाईच्या दारात हातमशीन मांडून दोघींनी तीन पन्ने जोडले, चारी बाजूंनी काळी पट्टी लावली आणि कोपऱ्यांना नाड्या शिवल्या. शिवताना दोघी सबंध वेळ भांडत होत्या. एकीला टाका बारीक हवा होता, दुसरीला पक्का. शेवटी टाका पक्का पडला, म्हणून तर मी आज बोलतो आहे.

आमच्या चाळीची रचना तुम्हाला सांगायला हवी. मधे अंगण आहे. अंगणाच्या एका बाजूला बुद्धविहार आणि त्याला लागून सोनूबाईची वगैरे घरं. ही माणसं घाटावरची, साताऱ्या-सांगलीकडून आलेली. दुसऱ्या बाजूला गणपती मंडळाची शेड आणि गुणाजीची वगैरे घरं. ही सगळी कोकणातली. अंगणाच्या बरोबर मधे दोन खांब आहेत आणि त्या दोन खांबांमधे मला बांधत. जयंतीला विहाराचा सिनेमा, माघी गणपतीला मंडळाचा सिनेमा, आणि दोन्हींना पडदा एकच, म्हणजे मी. सिनेमा सुरू होण्याआधी विमला कळशी घेऊन येई आणि मला ओलाचिंब करी. मांजरपाट ओलं झालं की उजेड त्याच्यातून आरपार जातो. मग चित्र पुढूनही दिसतं आणि मागूनही. मागून दिसतं ते उलटं, एवढंच. मागे बसलेल्यांच्या सिनेमात नायक डाव्या हातानं गुद्दे मारायचा आणि गाडी उजव्या बाजूनं पळायची. त्याचं कुणाला काही वाटत नसे.

पहिल्याच वर्षी पुढे कोण बसणार यावरून जुंपली. दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या उरावर बसायच्या बेतात होती. तेव्हा सोनूबाईचा नवरा रतन उठला. रतन कारखान्यात फिटर होता, बोलायचा कमी. तो म्हणाला, "आज कार्यक्रम कुणाचा? विहाराचा ना? मग आपण यजमान. यजमान मागं बसणार. पुढची जागा पाहुण्यांची." असं म्हणून त्यानं स्वतःची चटई उचलली आणि माझ्या मागे जाऊन बसला. तोंडं वाकडी करत का होईना, सगळा विहार त्याच्यामागे गेला. मग माघी गणपतीला मंडळालाही मागे बसावं लागलं, नाहीतर नाक कापलं गेलं असतं. तेव्हापासून ही रीत पडली. तिला 'रतनचा कायदा' म्हणत. मी ज्या अंगणात उभा राहिलो तिथे लोक आपल्या घरचा सिनेमा उलटा बघायचे आणि पाहुण्यांना सुलटा दाखवायचे. दुसरीकडे कुठे अशी रीत असेल तर मला दाखवा.

मग घरोघर टीव्ही आले. माझं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण कीव करून घ्यायची मला सवय नाही. माझ्यावर कुरडया वाळल्या. माझ्यावर हळद वाळली, तिचा भलामोठा डाग डाव्या कोपऱ्यात कायमचा बसला. गणपतीच्या सजावटीवर धूळ बसू नये म्हणून मला पांघरलं. पुढे सोनूबाईच्या पोटमाळ्यावर माझी घडी पडली ती पडलीच. रतन गेला, तेव्हाही मी घडीतच होतो. गुणाजीची गिरणी केव्हाच गेली होती. तो म्हातारा झाला, पण रोज सकाळी ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं त्यानं सोडलं नाही. सगळ्या चाळीला बातम्या फुकट मिळत. ते वाचन पोटमाळ्यावर मलाही ऐकू येई.

एके दिवशी सोनूबाईनं पोटमाळा रिकामा करायला घेतला. तिथे तिला एक बाई राहायला आणायची होती. बाईचं नाव तय्यबा. ती म्यानमारची, म्हणजे जुन्या ब्रह्मदेशाची. रोहिंग्या मुसलमान. तिकडे गावं जाळली तेव्हा नवरा गेला. ती लेकीला पोटाशी धरून आधी बांगलादेशात, मग हिंडत हिंडत इथपर्यंत आली होती. तिच्याजवळ निर्वासितांचं ओळखपत्र होतं आणि एक गाठोडं होतं. मोत्यांच्या माळा ओवून ती पोट भरायची. सोनूबाईला ती माळांच्या कामावर भेटली. दोघी शेजारी बसून मोती ओवायच्या. आधीच्या वस्तीतून तिला काढलं हे कळल्यावर सोनूबाई फार बोलली नाही. "माझा माळा रिकामा आहे, ये," म्हणाली. आणि मला खाली ओढून झटकलं.

चाळीत कुजबूज सुरू झाली. मंडळाचा अध्यक्ष आता गुणाजीचा मुलगा सुशांत आहे. तो काही दुष्ट माणूस नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. कुणाला रात्री-अपरात्री इस्पितळात न्यायचं असलं तर पहिली रिक्षा तोच बोलावतो. पण चाळ पाडून इमारत व्हायची होती, त्याची पाहणी तोंडावर आली होती, आणि सुशांतला दिवसरात्र तेच दिसत होतं. तो सोनूबाईच्या दारात आला.

"सोनूमावशी, एका बाईपायी सगळ्या चाळीची वाट लावू नका ना यार," तो म्हणाला. "उद्या सर्व्हेवाले आले, विचारलं ही कोण, कुठली, तर काय सांगू मी?"

"सांग, सोनूबाईकडे राहते."

"असं चालत नाही हो. लोक घाबरलेत. तुमच्या विहारातले पण बोलतायत. रविवारी मीटिंग ठेवलीय. तिला जायला सांगायचं, असाच सगळ्यांचा विचार आहे."

"सगळ्यांचा? माझा घेतला का कुणी?"

सुशांत निघून गेला. त्याचं एक खरं होतं. विहारातलीही माणसं कुरकुरत होती. सोनूबाई दार लावून बसली. तिच्या मनातलं मला तिच्या तोंडावर दिसत होतं, कारण मी तिच्या पुढ्यातच पडलो होतो. तिला चाळीची भीती नव्हती. या चाळीचं पहिलं नळाचं पाणी तिनं भांडून आणलं होतं. पण आपल्याच अंगणातली माणसं एका पोरसवदा बाईला हाकलायला हात वर करणार, हे तिला सहन होत नव्हतं. शेवटी तिनं नातीला हाक मारली.

नात म्हणजे प्रियंका, कॉलेजात चित्रपटाचा अभ्यास करणारी. तिच्याकडे निर्वासितांच्या छावणीवरचा एक छोटा माहितीपट होता. सिनेमात एक रोहिंग्या बाई आपली हकिकत सांगते, एवढाच तो सिनेमा. प्रियंकाच्या वर्गात तो दाखवला होता. बाई आपल्या भाषेत बोलते आणि खाली इंग्रजी ओळी येतात. सोनूबाई म्हणाली, "इंग्रजी इथं कोण वाचणार? मराठी कर. शनिवारी दाखवायचा. विहाराच्या महिला मंडळातर्फे."

प्रियंका उडालीच. "आजी, कोण येणार नाही गं. आणि टीव्हीवर दाखवू ना विहारात. हा मळकट पडदा कशाला?"

मळकट! पण सोनूबाईनं माझ्या वतीनं उत्तर दिलं. "टीव्ही विहाराच्या आत लागेल, आणि आत आपलीच माणसं येतील. मला अंगणात दाखवायचाय. येतील न येतील, त्यांना दिसला पाहिजे."

शनिवारी दिवेलागणीला मला पुन्हा खांबांना बांधलं. कित्येक वर्षांनी दोऱ्या ताणल्या गेल्या तेव्हा माझी शिवण करकरली, पण एक टाका सुटला नाही. कार्यक्रम विहाराचा, म्हणून पाहुण्यांची जागा मंडळाच्या बाजूला. तिकडे स्टुलावर प्रियंकानं कॉलेजचा प्रोजेक्टर मांडला आणि समोर चटया अंथरल्या. सुशांतनं मंडळाच्या माणसांना आधीच बजावलं होतं की कुणी जायचं नाही. शेडची दारं बंद होती. गुणाजी आपल्या ओट्यावर खुर्ची टाकून माझ्याकडे पाठ करून बसला होता. त्याचाही विरोध होता आणि तो पाठीतून दिसावा अशी त्याची इच्छा असावी.

तेवढ्यात विमला कळशी घेऊन घरातून निघाली. गुणाजी खेकसला, "खय चललंस?"

"पडदो भिजवूक."

"तुका सांगितलंय ना, आपणाक जावचा नाय म्हणान?"

"मी पिच्चर बघूक जातंय काय? पडदो भिजवूचा काम माजा. पिच्चर कोणाचो का असाना." असं म्हणून तिनं पहिला तांब्या माझ्या छातीवर मारला. मित्रांनो, त्या पाण्याच्या गारव्यानं माझा जीव सुखावला. मला घडीत ठेवणाऱ्यांना हे कळायचं नाही.

विहारातली माणसं रीतीप्रमाणे माझ्या मागे बसली. काही मनापासून आली होती, काही सोनूबाईच्या धाकानं. शेवटच्या ओळीत, लेकीला मांडीवर घेऊन, ओढणीनं अर्धं तोंड झाकून तय्यबा बसली होती. पुढच्या चटया रिकाम्या होत्या. सगळ्या रिकाम्या, एकही माणूस नाही. प्रियंकानं सिनेमा लावला. माझ्यावर एक डोंगर उमटला, त्याच्यावर ताडपत्रीची हजारो घरं, आणि एका घरासमोर चिखलानं ओटा लिंपत बसलेली एक बाई. ती बोलायला लागली, आणि खाली मराठी अक्षरं आली.

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की आपली केवढी फजिती झाली आहे. मागून अक्षरं उलटी दिसत होती!

आजवर माझ्यावर हिंदी सिनेमे झाले, त्यांना अक्षरं लागली नाहीत. उलटं बघायची या लोकांना इतकी सवय की वाचावं लागेल हे ना सोनूबाईच्या ध्यानात आलं, ना कुणाच्या. प्रियंकानं तर रतनचा कायदा नुसता ऐकलेला होता. यजमानांना एक अक्षर कळेना, आणि ज्यांना कळलं असतं ते पाहुणे आलेच नव्हते.

"आजी, सगळे पुढे या ना!" प्रियंका पुढून ओरडली. "चटया रिकाम्याच आहेत!"

"रिकाम्या असू देत," सोनूबाई मागून म्हणाली. "ती जागा पाहुण्यांची आहे."

"पण पाहुणे आले कुठे?"

"आले नाहीत म्हणून जागा आपली होत नाही. तू वाच मोठ्यानं."

हट्टी म्हणाल तर हट्टी. पण मला तिचा अभिमान वाटला. आपल्या आजोबांच्या वेळचं सगळं मोडीत काढणाऱ्या लोकांना एक चटई राखणं म्हणजे काय, हे कधी कळेल कोण जाणे.

प्रियंका वाचायला लागली. पण पोरीचा आवाज नाजूक, त्यात सिनेमातली बाई बोलते आहे, त्यात तिनं हे सगळं एकटीनं बसून मराठीत आणलेलं, म्हणून मधेच ती अडखळे. मागून हाका येऊ लागल्या, "ऐकू येत नाही!" "काय म्हणते ती?" कुणी विचारलं असतं तर तय्यबानं सगळं सांगितलं असतं. तिला अक्षरांची गरजच नव्हती. पण तिला विचारावं हे कुणाला सुचलं नाही.

ओट्यावर गुणाजीची खुर्ची करकरली. ज्या माणसानं जन्मभर सगळ्या चाळीला वर्तमानपत्र वाचून दाखवलं, त्याला हे फुसफुसणं असह्य झालं होतं. विरोध वेगळा आणि वाईट वाचन वेगळं. तो मान वळवून म्हणाला, "गो, पोटातसून आवाज काड. असा वाचल्यार मागे कोणाक आयकाक येतला?"

"आजोबा, मग तुम्हीच वाचा ना," प्रियंका रडवेली होऊन म्हणाली.

गुणाजीनं चष्मा नाकावर चढवला. आधी त्यानं ओट्यावरूनच एक ओळ वाचली, जणू उदाहरणादाखल. मग दुसरी. मग खुर्ची वळली. तिसऱ्या-चौथ्या ओळीला तो खुर्ची उचलून खाली उतरला आणि चटयांच्या कडेला माझ्यासमोर येऊन बसला. आता त्याचा तो जुना साचेखात्यातला आवाज माझ्या आरपार जाऊन मागच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता.

"माझ्या गावाचं नाव आता नकाशात नाही," गुणाजी वाचत होता. "आमच्या अंगणात फणस होता. त्या वर्षी फणसाला खूप फळं धरली होती. मी चुलीवर भात ठेवला होता. तो उतरवायला वेळ मिळाला नाही. मी धाकटीला उचललं. थोरलीचा हात धरला. सासूला उचलता आलं नाही. मी पळाले."

म्हाताऱ्याच्या भरड्या आवाजात 'मी पळाले' ऐकून मागे दोन पोरं फिसकन हसली. त्यांना कुणी गप्प केलं नाही. पुढच्या ओळीला ती आपोआप गप्प झाली.

दारातून विमला बघत होती. माझ्यावर छावणीतलं घर दिसत होतं, त्याच्या ताडपत्रीवर वेल चढवलेला. नेमका माझा हळदीचा डाग त्या वेलावर आला होता, त्यामुळे फुलं लागल्यासारखी दिसत होती. "ह्यो भोपळ्याचो वेल मा?" ती म्हणाली. "आमच्या मांगरार असोच चढता." मांगर म्हणजे तिच्या गावची शेतावरची खोप. असं म्हणत ती चटईवर येऊन बसली. कुणाला काही विचारलं नाही. तिच्यामागून शेडच्या बाजूच्या आणखी दोघी आल्या. सुशांत शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाबा, काय चाललंय हे? घरात चला."

"गप रव रे," गुणाजी माझ्यावरची नजर न काढता म्हणाला. "बाईचा बोलणा संपांदे."

मग हकिकतीत आगीचा भाग आला. पडद्यावरची बाई बराच वेळ बोलली. बोलताना ती कुठेतरी लांब बघत होती आणि तिच्या हातातला चिखल वाळत चालला होता. खाली ओळ आली ती एवढीच: 'त्यांनी घराला आग लावली.' गुणाजीनं ती वाचली आणि थांबला. वाचणाऱ्या माणसाला मजकुरातली खोट बरोबर कळते.

"एवढा बोलली, आणि लिवला इतक्याच?" तो प्रियंकाला म्हणाला.

प्रियंकानं मान खाली घातली. आणि माझ्या मागून, शेवटच्या ओळीतून, या अंगणात कुणी आजवर न ऐकलेला आवाज आला.

"इतनाच नहीं बोली वो," तय्यबा म्हणाली. "और बोली."

प्रियंकानं घाईघाईनं सिनेमा थांबवला. बाईचा चेहरा माझ्यावर तसाच राहिला. "आजी, जाऊ दे ना," ती म्हणाली. "मीच गाळलं ते. मला वाटलं, आपली माणसं उठून जातील."

"असं काय आहे त्यात?" सोनूबाई उठून उभी राहिली. "तय्यबा, सांग. काय बोलली ती?"

तय्यबानं विहाराकडे पाहिलं. आतली दिव्याच्या उजेडातली बुद्धाची मूर्ती तिथून सरळ दिसत होती. ती खूप हळू म्हणाली, "आजी, गुस्सा मत करो. वो बोली, जिसने आग लगाया, वो लोग भी इसी भगवान का नाम लेता था."

मग मागून दोघंतिघं उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. एक जण जाताना म्हणाला, "आमच्याच दारात आम्हाला ऐकवायला आणलंय हिला."

मित्रांनो, मी सोनूबाईला तरुणपणापासून ओळखतो. त्या विहाराच्या विटा तिनं डोक्यावरून वाहिल्या आहेत. त्या मूर्तीसमोर तिनं आपल्या नवऱ्याला शेवटचा नमस्कार केला आहे. तिच्यावर त्या वाक्याचा घाव केवढा बसला, ते ओल्या मांजरपाटातूनही मला दिसलं. ती खांबाला धरून उभी होती. बसली असती तरी तिला कुणी नावं ठेवली नसती. सिनेमा बंद कर म्हणाली असती तरी चाललं असतं.

ती म्हणाली, "गुणाजी, जसं तय्यबा म्हणाली तसं मराठीत वाच. मोठ्यानं वाच. मागं नीट ऐकू आलं पाहिजे."

गुणाजीला अवघड झालं. "सोनूबाय, ऱ्हवांदे. तुमच्या दारात मी कसा..."

"वाच म्हणते ना! आमच्या नावावर कुणी आग लावली, हे आम्हीच ऐकायचं नाही, तर कुणी ऐकायचं?"

तेव्हा गुणाजी खुर्चीतून उठला. बातमी वाचताना तो कधी उभा राहत नाही. उभं राहून, एकेक शब्द सावकाश, त्यानं ते म्हटलं. "त्यांनी माझं घर जाळलं. जाळणाऱ्यांच्या तोंडी बुद्धाचं नाव होतं."

सोनूबाईनं ते ऐकलं. पदरानं तोंड पुसलं. मग मागे बसलेल्या आपल्या माणसांकडे वळून ती म्हणाली, "ज्यांनी नाव घेतलं त्यांनी शिकवण घेतली नाही. ते त्यांचं पाप. पण नाव आपलं आहे, तर त्या आगीवर पाणी आपण मारायचं. ही माझ्या घरात राहील. विहाराला पटो, मंडळाला पटो, नाहीतर न पटो. प्रियंका, लाव पुढे."

सिनेमा पुढे सरकला आणि संपेपर्यंत गुणाजी उभ्यानं वाचत राहिला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याच अंगणात मीटिंग भरली. मला अजून सोडलं नव्हतं, म्हणून मी सगळं पाहिलं. सुशांतनं आपलं म्हणणं नीट मांडलं. पाहणी, पोलीस, पोराबाळांचं भलं. ते ऐकून लोकांना पटतही होतं. तुम्हाला वाटेल, एका सिनेमानं सगळी चाळ विरघळली असेल. चाळी अशा विरघळत नाहीत. सुशांत म्हणाला, "ज्यांना वाटतं तिनं जावं, त्यांनी हात वर करा." हात वर गेले. मंडळाच्या बाजूनं गेले आणि विहाराच्या बाजूनंही गेले. सोनूबाई हाताची घडी घालून समोर उभी होती. काही हात तिच्या नजरेला नजर भिडताच अर्ध्यावर थांबले.

गुणाजीचा हात मांडीवर होता. सुशांतनं पाहिलं. सगळ्या कोकणी घरांचं लक्ष या म्हाताऱ्यावर असतं हे त्याला ठाऊक होतं.

"बाबा, तुमचा हात?"

गुणाजी बसल्या जागेवरूनच बोलला. त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"काल ह्याच तोंडान मी सगळ्यांम्होर म्हटलंय, माजा घर जाळल्यानी. आज त्याच तोंडान तिका भायर काडा म्हणू? माका ता जमाचा नाय."

त्यानंतर वर गेलेले हात एकेक करून खाली आले. सगळे आले नाहीत. पण पुरेसे आले. सुशांत बापाशी बरेच दिवस बोलला नाही. पाहणीवाले येऊन गेले, तेव्हा मात्र सोनूबाईच्या माळ्याबद्दल त्यांनी विचारल्यावर त्यानंच सांगितलं, "सोनूमावशीकडे राहते ती." पुढे एक शब्द नाही.

तर मित्रांनो, रीतीप्रमाणे शेवटी मी तुमच्याकडे काहीतरी मागायला हवं. माझी निगा राखा, मला जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. जपून ठेवण्याचा मला कंटाळा आलाय. मला खांबाला बांधा, ओला करा, फाटलो तर पक्क्या टाक्यानं शिवा. प्रियंकानं मंडळाच्या आणि विहाराच्या बायकांना घेऊन भांडुप आणि नाहूरच्या दोन चाळींत तोच सिनेमा दाखवायचं ठरवलंय, मला घेऊन. गाळलेली ओळ तिनं स्वतःच्या हातानं परत घातली आहे. तिकडे विरोध आहे, असं ऐकतो. असू दे. चटया आम्ही अंथरणारच. ज्यांना हा सिनेमा मुळीच बघायचा नाही, पुढची जागा त्यांच्यासाठीच आहे.